मुलांचा बास्केटबॉल वर्ग : आठ महिने पायरीवर बसून लिहिलेला अभिप्राय

नातीला या वर्गात घालून आठ महिने झाले. आठवड्यातले तिन्ही दिवस मीच तिला सोडायला जाते आणि दीड तास कोर्टाच्या कडेच्या पायरीवर बसते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे नुसतं बसवत नाही. वही घेऊन बसते. खाली जे आकडे येतील ते त्या वहीतले आहेत.

मूल आठ ते बारा वर्षांचं असेल आणि घालू की नको या विचारात असाल, तर माझं उत्तर आहे, घाला. पण तेवढ्यावर थांबू नका, पुढचंही वाचा. मला इथे एक तक्रार होती ती मिटली, आणि दुसरी अजून तशीच आहे.

याआधी ती दुसरीकडे जायची. नाव घेत नाही. कोर्ट चकचकीत, गणवेश झकास, भिंतभर ढाली. त्या वर्षी मी तिच्या सहा सामन्यांना गेले. एकेक सामना ३२ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून १९२ मिनिटं. त्यातली ११ मिनिटं माझी नात कोर्टावर होती. बाकीचा वेळ बाकावर. ती काही अगदीच कच्ची नव्हती. उंचीने लहान होती आणि बिचकायची. बिचकणाऱ्या मुलाला सर आत घेत नसत, आणि आत घेत नसत म्हणून ती जास्त बिचकायची. एका संध्याकाळी घरी येताना ती म्हणाली, "आजी, आपण खूप हरायला लागलो ना, की मला बरं वाटतं. मग सर मला आत घेतात."

नऊ वर्षांचं मूल आपलाच संघ हरावा म्हणून मनात धावा करत बसतं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. महिना संपायच्या आत मी तिला तिथून काढलं.

हे मला एवढं का लागलं, तेही सांगते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ साली बर्लिनला आलं. बायकांचं यायला १९७६ उजाडलं, मॉन्ट्रियलला. मध्ये चाळीस वर्षं. खरं तर खेळ निघाला १८९१ साली आणि १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो आपल्या कॉलेजातल्या मुलींना शिकवायला घेतलाही होता. फक्त मुलींना झेपणार नाही म्हणून कोर्टाचे तीन भाग केले आणि ज्या भागात उभं केलं तिथून हलायचं नाही, असा नियम घातला. १९७६ साली मी चौदा वर्षांची होते आणि माझं खेळणं बंद होऊन वर्ष झालं होतं. "आता मोठी झालीस" एवढंच कारण होतं. मला कुणी वाईट खेळतेस म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही. नुसतं थांबवलं.

आता या वर्गाबद्दल.

पहिल्या दिवशी डोळ्यांत भरली ती रिंग. खाली होती. दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये टेप घेऊन गेले आणि तिथल्या दादाकडून मोजून घेतलं. जमिनीपासून २ मीटर ६० सेंटिमीटर. मोठ्यांची रिंग ३ मीटर ५ सेंटिमीटरवर असते आणि आधीच्या ठिकाणी नऊ वर्षांची पोरंही तिच्यावरच फेकत होती. त्या ३.०५ मागे मुलांच्या हातापायांचा विचार कुठेच नाही. हा खेळ काढणाऱ्या जेम्स नायस्मिथ यांनी पीच फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. लहान मूल तिथवर चेंडू पोचवायला कमरेपासून झोका घेतं, पाठ मोडतं, दोन्ही हातांनी भिरकावतं, आणि तीच सवय हाडात बसते. २.६० ही मिनी बास्केटबॉलची ठरलेली उंची आहे. चेंडूही पाच नंबरचा, वजनाला जेमतेम अर्धा किलो. मोठ्या मुलग्यांचा सात नंबरचा सहाशे ग्रॅमच्या घरात जातो. शंभर ग्रॅमचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. नऊ वर्षांच्या मनगटाला विचारा.

पहिल्याच आठवड्यात माझ्या नातीचा चेंडू रिंगमधून आत गेला. ती जागच्या जागी उभी राहून जाळीकडे बघत राहिली. जाळी हलायची थांबेपर्यंत.

वर्ग चालवते ती बाई तिशीतली असेल. मुलं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. हाताखाली एक दादा आहे, पंचविशीतला, मनापासून काम करणारा. सामन्याच्या दिवशी इथला हिशोब असा असतो : ३२ मिनिटांच्या आठ पाळ्या, चार-चार मिनिटांच्या. दर पाळीला पाच जण कोर्टावर, म्हणजे चाळीस जागा. संघात दहा मुलं. प्रत्येकाला चार पाळ्या, सोळा मिनिटं. कोण कुठल्या पाळीत हे आदल्या दिवशीच कागदावर लिहून भिंतीला लावतात आणि सामना कितीही रंगात आला तरी कागद बदलत नाही. मी अकरा सामने मोजले. दोनदा पाळी चुकली, दोन्ही वेळा कुणाच्या तरी पायात गोळा आला म्हणून. एका सामन्यात शेवटच्या पाळीत संघातली सगळ्यात कमजोर पाच जणं आली आणि हातातला सामना गेला. पालकांत कुजबुज झाली. एक बाबा उठून ताईकडे गेलेच. ती म्हणाली, "शेवटची चार मिनिटं कशी खेळायची, हे यांना कधी शिकवू?" ते परत येऊन बसले. नंतर काही बोलले नाहीत.

मिनिटं सारखी वाटणं हे काम कठीण असलं तरी दिसतं, कागदावर येतं. न दिसणारं काम वेगळंच असतं. आधीच्या ठिकाणाहून माझी नात एक खोड घेऊन आली होती. चेंडू हातातून निसटला की ती चेंडूकडे बघायची नाही, बाकाकडे बघायची. सर काय म्हणतात, किती मोठ्याने म्हणतात, हे आधी. तोवर समोरची मुलगी चेंडू घेऊन पसार. इथल्या दुसऱ्याच सामन्यात तिने दोनदा ड्रिबल केलं, म्हणजे चेंडू आपटत नेताना हातात धरला आणि पुन्हा आपटायला लागली, जे नियमात बसत नाही. शिट्टी वाजली आणि तिची मान सवयीने बाकाकडे वळली. ताई तिच्याकडे बघतच नव्हती. ती हात लांब करून मागची मोकळी जागा दाखवत होती : तिथे जा. पोरगी क्षणभर गोंधळली आणि मग धावली.

इथे चूक झाली की मुलांनी करायची एक गोष्ट ठरलेली आहे. दोन्ही तळवे एकदा मांडीवर आपटायचे, "पुढचा!" म्हणायचं आणि बचावाला पळायचं. चुकीबद्दल बोलणं होतं, पण सराव संपल्यावर, आणि आधी मूल बोलतं. काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करून बघशील. मी वहीत एक रकाना आखला होता, "बाकाकडे बघितलं". पहिल्या सामन्यात नऊ वेळा. चौथ्या महिन्यातल्या एका सामन्यात शून्य. तो रकाना मी मग बंद केला.

आता माझी तक्रार. तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी ताई नव्हती आणि वर्ग दादाने घेतला. चौदा मुलं होती, आठ मुलगे आणि सहा मुली. वातावरण आनंदी, आवाज चढलेला नाही, सगळ्यांना शाबासकी. तरी मला काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. म्हणून मोजायला घेतलं. दीड तासात दादा एकेका मुलाशी असं सत्तर वेळा बोलला. मुलग्यांशी ४६ वेळा, मुलींशी २४ वेळा. तेवढंही चाललं असतं. पण मुलग्यांशी बोलला त्यातल्या ३१ वेळा त्याने काहीतरी करायला सांगितलं : गुडघा वाकव, चेंडू बोटांवर घे, आधी बघ मग पास दे. मुलींशी बोलला त्यात असं पाच वेळा. उरलेलं सगळं "छान", "शाब्बास", "मस्त गं". मी चार शनिवार मोजलं. आकडे थोडे पुढेमागे, चित्र तेच.

शाबासकीत काही वाईट नाही. पण ज्या मुलीला नुसतंच "छान" ऐकायला मिळतं, तिच्याकडून पुढचं कुणी मागत नाहीये. शाळेतही मी हे बघितलंय. गणित चुकलं की मुलाला "परत कर" म्हणायचं आणि मुलीला "असू दे, अक्षर छान आहे" म्हणायचं. मीही म्हटलं असेल. मिनिटं सारखी देऊनही मुलींचा वाटा असा कमी पडतो, आणि प्रेमाने कमी पडतो, म्हणून कुणी भांडायला जात नाही.

चौथ्या शनिवारी मी वही दादापुढे धरली. भीती होती की राग येईल. तो बराच वेळ पान बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आजी, मला वाटत होतं मी मुलींशी जास्त चांगला वागतोय." आणि वही दोन दिवस मागून घेतली.

ताईने त्यावर मला जे सांगितलं ते इथे देण्यासारखं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल कोचांचं वागणं असंच मैदानाच्या कडेला बसून टिपलं होतं. माझे दोन-तीन रकाने, त्यांचे बारा. त्यांना आढळलं की आपण मुलांशी कसे बोलतो याचा कोचना स्वतःला फारसा पत्ता नसतो. रागावणं, ओरडणं तेवढं लक्षात राहतं. मुलांना मात्र बरोबर माहीत असतं. मग त्यांनी कोचांसाठी छोटं प्रशिक्षण तयार केलं : चांगल्या प्रयत्नाला दाद, चुकीनंतर धीर आणि लगेच उपयोगी पडेल अशी सूचना, शिक्षा नाही. १९९२ साली छापून आलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण न घेतलेल्या कोचांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आलीच नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. सामने जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडे फरक नव्हता. म्हणजे ओरडून चार सामने जास्त जिंकले, अशीही गोष्ट नाही. ज्या मुलांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नसतो त्यांना अशा कोचचा सगळ्यात जास्त फायदा झाला, हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बाकावर बसलेली माझी नात होती.

दादाने तेव्हापासून पॅडला मुलांच्या नावांचा कागद लावला आहे. कुणाला काही शिकवलं की खूण. सहा आठवड्यांनी मी पुन्हा मोजलं. मुलगे ३८ वेळा, त्यातल्या २५ सूचना. मुली ३० वेळा, २० सूचना. मुलं आठ आणि सहा आहेत हे धरून भागाकार करून बघा. त्याच आठवड्यात नात घरी आली आणि कपाटाच्या आरशासमोर उजवा हात वर धरून उभी राहिली. कोपर आत घ्यायची, बघायची, पुन्हा घ्यायची. "दादा म्हणतो माझं कोपर बाहेर जातं," असं ती सांगत होती, आणि तिच्या आवाजात इतका रुबाब होता की मी हातातलं काम ठेवून बघत बसले.

कुणाला प्रवेश मिळतो, यावरही दोन शब्द. इथे निवड चाचणी नाही, नाव आधी नोंदवेल त्याला जागा. गटही नुसत्या जन्मसालावर पाडत नाहीत. एका सालात जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाचं एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा नववा भाग. लहानपणी निवड झालेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात, हे कॅनडातल्या आइस हॉकीपासून अनेक खेळांत दिसून आलेलं आहे. मोठं दिसतं ते मूल हुशार ठरतं, त्याला जास्त शिकवलं जातं, आणि मग ते खरंच हुशार होतं. इथे दर तीन महिन्यांनी गट हलवतात.

दाराशी बुटांचं एक कपाट आहे. पाय मोठे झाले की जुने बूट तिथे ठेवायचे, ज्याला बसतील त्याने घ्यायचे. फीचा फॉर्म भरताना "पूर्ण", "हप्त्याने" आणि "सध्या शक्य नाही" असे तीन चौकोन आहेत आणि कुठला भरला हे ताईखेरीज कुणाला कळत नाही. मुलांना तर नाहीच. मुलींसाठी कपडे बदलायची खोली वेगळी, आतून कडी लागणारी. साधी गोष्ट आहे, पण अकरा-बारा वर्षांच्या किती मुली याच एका गोष्टीपायी खेळणं सोडतात, हे आयांना सांगायला नको.

एका मुलीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी शिट्टीबरोबर पिवळा झेंडा वर जातो, आणि झेंडा दिसला की सगळ्यांनीच थांबायचं. महिन्याभरात सगळी मुलं शिट्टीपेक्षा झेंड्याकडे बघायला लागली, त्यामुळे गोंगाटातही वर्ग पटकन थांबतो. आणि एक दहा वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीवरून खेळतो, सगळ्यांबरोबर. त्याला नियम व्हीलचेअर बास्केटबॉलचा : चाकं दोनदा ढकलली की पुन्हा ढकलायच्या आधी चेंडू जमिनीवर आपटायचा नाहीतर पास द्यायचा. बाकीच्यांना धावण्याचा नेहमीचा नियम. माझ्या नातीला त्याच्याकडून पास घ्यायला आवडतं. तो नेमका छातीवर येतो. खुर्चीवर बसून सगळं बळ खांद्यातनं काढावं लागतं, म्हणून त्याचा पास सरळ असतो, असं तिचं म्हणणं.

उणिवा. वेळापत्रक ऐन वेळी बदलतं आणि निरोप रात्री उशिरा येतो. नोकरी करणाऱ्या आईबापांची यात फार ओढाताण होते. पाऊस झाला की कोर्टाचा कडेचा पट्टा निसरडा होतो. तो पुसतात, पण पुसायला एकच फडकं आहे. प्रतीक्षा यादी लांब आहे, आम्हाला पाच महिने थांबावं लागलं. पालकांनी बाहेरून सूचना ओरडायच्या नाहीत हा नियम आहे, तो चांगला आहे, पण मोठ्या सामन्याला तो ढिला पडतो आणि ताई तेव्हा कुणाला टोकत नाही. टोकायला हवं.

सगळ्यात मोठी उणीव रॅम्पची, आणि ती माझी न मिटलेली तक्रार. दारापाशी तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची ४५ सेंटिमीटर. त्यावर टाकलेला रॅम्प अडीच मीटर लांब आहे. म्हणजे एका भाग उंचीला साडेपाच भाग लांबी. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हा उतार योग्य धरतात. त्या हिशोबाने रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर हवा, आत्ताच्या दुपटीपेक्षा जास्त. आज काय होतं? जो मुलगा कोर्टावर कुणाची मदत न घेता खेळतो, त्याला दारातून आत येताना मागून कुणीतरी ढकलावं लागतं. परवा तो दारात थांबला होता, बाबांची वाट बघत. आत चेंडू आपटल्याचा आवाज येत होता आणि त्याचे हात चाकांवर होते.

मी आकृती काढून दिली आहे. सरळ पाच मीटर जागा समोर नाही, पण भिंतीच्या कडेने एक वळण घेतलं आणि वळणावर सपाट जागा ठेवली तर बसतो. ताईने जागेच्या मालकांकडे अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. याच वर्गात मुलं घातलेल्या पालकांपैकी कुणी बांधकामातलं असेल तर पायरीवर मला भेटा, आकृतीची प्रत माझ्या वहीत आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार मी तिथेच असते. रॅम्प झाला की या अभिप्रायात तेवढी दुरुस्ती करीन.